परळच्या दोन खोल्या आणि लंडनचे घर

दर वर्षी ६ डिसेंबरला मुंबईत लोटणारा जनसमुदाय चैत्यभूमीवर नतमस्तक होऊन आल्या वाटेने परततो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी नाही. शिवाजी पार्कच्या रांगेतून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकजण हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’ची वाट विचारतात आणि त्यातील काही त्याहून पुढे, परळच्या पोयबावडीतील बी. आय. टी. चाळीपर्यंत जातात. समाधीपुढे डोके टेकवल्यावरही मनात एक प्रश्न उरतो आणि तो या माणसांना शहरातून फिरवतो. बाबासाहेब राहत कोठे होते?

हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित म्हणून पुस्तकांत आहेत. पण त्याआधीपासून आणि त्याहून खोलवर ते जात्यावरच्या ओवीत, जलशात आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींच्या गीतांत आहेत. गाण्यातला नायक बहुधा चवदार तळ्यावर असतो, सभेत असतो, नाहीतर गोलमेज परिषदेत. तो घरी क्वचितच असतो. त्यामुळे त्याच्या घराचा उंबरा ओलांडणाऱ्याला जे दिसते ते गाण्यात नसलेले असते. दिवा कोठे ठेवला जाई, पुस्तके कोठे मावत, पाणी कोठून भरावे लागे आणि घरातल्या बाकीच्या माणसांनी झोपायचे कोठे, हे घरच सांगू शकते. ही जाणीव देण्याचे सामर्थ्य असलेल्या वास्तूंपैकी कोणती राखायची आणि तिच्यासाठी सार्वजनिक पैसा कसा खर्च करायचा, याचा विचार मात्र आजवर विखुरलेलाच राहिला आहे.

या संदर्भात सर्वाधिक गाजले ते लंडनचे घर. प्रिमरोझ हिल या सुखवस्तू वस्तीतील १०, किंग हेन्रीज रोड या चार मजली घरात आंबेडकर १९२१-२२ या काळात भाडेकरू म्हणून राहिले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले होते. सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा कप, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय आणि रात्री भाजलेले पापड, असे त्या दिवसांचे वर्णन त्यांच्या चरित्रांत येते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी, ग्रेज इनची बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ही या अर्धपोटी वास्तव्याची कमाई होती.

हे घर विक्रीला निघाल्यावर ब्रिटनमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून ते विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटनही झाले. अभ्यासिका आणि शयनगृह मांडण्यात आले. टेबलावर कायद्याचे कागद, पलंगाशेजारी चष्मा आणि जुनी पुस्तके आली. घाई झाली ती एका बाबतीत. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते आणि ती घेतलेली नव्हती. कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये ती नाकारली. वस्तीतील राहत्या जागेचे क्षेत्रफळ कमी होते, हे त्याचे मुख्य कारण होते. दोन रहिवाशांनी गर्दी आणि गोंगाटाची तक्रारही केली होती.

महाराष्ट्रात या नकाराकडे महामानवाचा अवमान म्हणून पाहिले गेले. भावना समजण्याजोगी असली तरी कौन्सिलचा मुद्दा इतक्या सहजासहजी झटकून टाकण्यासारखा नव्हता. लंडनमध्येही घरांची टंचाई आहे आणि तेथील नियम श्रीमंत खरेदीदाराला, तो एखादे सरकार असले तरी, राहते घर बिगरनिवासी करण्यापासून अडवतो. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली. वारसा म्हणून या वास्तूचे मोल आणि तिच्यापासून होणारा सार्वजनिक लाभ हा एक घर गमावण्याच्या तोट्यापेक्षा मोठा आहे, असे मान्य करून तत्कालीन गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी मार्च २०२० मध्ये संग्रहालयास परवानगी दिली. राहते घर की स्मृती, असा उघड प्रश्न तेथे विचारला गेला, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आणि निर्णयाची कारणे लेखी देण्यात आली. आपल्याकडे स्मारकांचे निर्णय असे होत नाहीत.

दिल्लीची कथा याच्या उलट आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेब २६, अलीपूर रोड येथील बंगल्यात राहिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ येथे पुरा झाला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधनही येथेच झाले. पुढे वास्तू खासगी मालकीत गेली आणि ती परत मिळवण्यात काही दशके गेली. आज त्या जागी उघडलेल्या ग्रंथाच्या आकाराची, राज्यघटनेचे प्रतीक म्हणून कल्पिलेली भव्य इमारत उभी आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी तिचे लोकार्पण झाले. इमारत देखणी आहे, प्रदर्शन आधुनिक आहे. फक्त ज्या खोलीत अखेरची रात्र गेली ती खोली मूळ रूपात पाहण्याची सोय आता कोणालाही उरलेली नाही. पत्ता राहिला आणि घर गेले.

‘राजगृह’ हे मात्र खरेखुरे घर आहे आणि त्याचे वेगळेपण त्याच्या हेतूतच आहे. माणसांसाठी घर बांधून त्यात पुस्तकांना कोपरा देणारे पुष्कळ असतात. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी कर्ज काढून जे घर बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्याला दिले. त्यांचा ग्रंथसंग्रह पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. पण ज्यांनी चाळीतली हलाखी सोसली त्या रमाबाईंना या मोकळ्या घराचे सुख फार थोडे लाभले. २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. दिल्लीहून आणलेले बाबासाहेबांचे पार्थिवही येथेच ठेवले गेले आणि ७ डिसेंबर १९५६ ची अंत्ययात्रा येथून निघाली.

राजगृहात खालच्या मजल्यावर छायाचित्रे आणि वापरातील वस्तू पाहण्यासाठी लोक येतात आणि त्याच वास्तूशी आंबेडकर कुटुंबाचे राहते नातेही आहे. ते घर म्हणून जिवंत आहे, म्हणूनच तेथे संग्रहालयाचा कोरडेपणा जाणवत नाही. अर्थात त्याला एक बाजू अशीही आहे की असे घर असुरक्षित असते. ७ जुलै २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्यांची आणि काचांची मोडतोड करण्यात आली. राज्यभर संताप उसळला आणि सर्व पक्षांनी निषेध केला. एका घराच्या कुंड्या फुटल्याने राज्य अस्वस्थ होते, यावरून त्या घराला लोकांच्या मनात काय स्थान आहे याची कल्पना यावी.

आणि तरीही, बाबासाहेबांच्या घडणीचे खरे घर कोणते असे विचारले तर उत्तर परळकडे बोट दाखवते. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची दाट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कामकरी वर्गासाठी ज्या चाळी बांधल्या त्यांतील परळच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब राहत असे. त्याआधी डबक चाळीतल्या एकाच खोलीत भांडीकुंडी, सरपण आणि माणसे यांच्यात भीमरावांनी अभ्यास केला होता; मुलाला पहाटे दोनच्या सुमारास उठवण्यासाठी सुभेदार रामजी जागे राहत. त्या मानाने बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्या ही बढतीच म्हणायची. एक संसाराला, दुसरी लेखन-वाचनाला. नळ आणि शौचकूप मजल्यावरील सर्वांचे मिळून.

१९१२ ते १९३४ अशी जवळजवळ बावीस वर्षे, मधली परदेशातील वर्षे वगळता, हाच त्यांचा पत्ता होता. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी निघणे, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी, ‘मूकनायक’चा प्रारंभ, बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना, १९२७ चे महाड, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि १९३२ चा पुणे करार हे सारे या दोन खोल्यांच्या काळातले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज तरुण भीमरावांना भेटायला याच चाळीत आले होते. आणि मुले गमावल्याचे दुःखही याच भिंतींनी पाहिले. लाडका राजरत्न १९२६ मध्ये गेला. महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या नेत्याच्या घरी पाणी सामाईक नळावरून भरले जात होते, ही गोष्ट कोणत्याही पुतळ्यावरून कळणार नाही. त्या गच्चीवजा गॅलरीत दोन मिनिटे उभे राहिल्यावर कळते.

येथे मुंबईतलेच दुसरे एक घर आठवल्याखेरीज राहत नाही. गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरील मणिभवन हे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचे मुंबईतील वास्तव्यस्थान होते. रेवाशंकर झवेरी यांची ती वास्तू पुढे स्मारक झाली. तेथील खोली, चरखा आणि ग्रंथालय आज उत्तम जपलेले आहे. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला आवर्जून भेट दिली. आता वर्षांचा मेळ पाहावा. गांधीजींचे मणिभवन आणि आंबेडकरांची चाळ हे दोन्ही पत्ते १९३४ मध्येच इतिहासात जमा झाले. १४ ऑगस्ट १९३१ रोजी या दोन नेत्यांची गाजलेली पहिली भेट मणिभवनातच झाली आणि त्या भेटीसाठी आंबेडकर गेले तेव्हा त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीत होते. त्या भेटीची एक बाजू गावदेवीला पाहता येते. दुसरी पाहायची तर परळच्या एका भाडेकरूचे दार ठोठवावे लागते. यात मणिभवनाचे काही चुकलेले नाही. उलट एखादी वास्तू नीट राखली तर काय साधते, याचा तो नमुना आहे.

चाळ मागे का पडली, याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. लंडनचे घर रिकामे होते आणि बाजारात होते. पैसे मोजले की ताबा. दिल्लीत जागा मोकळी करून नवे बांधता आले. इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवर ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले, पुढे पुतळ्याची उंची वाढवून साडेतीनशे फूट ठरली, खर्चाचा अंदाज हजार कोटींपलीकडे गेला आणि मुदती पुन्हापुन्हा पुढे सरकल्या. तरी अडचण होती ती बांधकामाची. चाळीत मात्र माणसे राहतात. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी पुढे महापालिकेकडे आल्या, पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू तेच राहिले आणि शंभर वर्षांहून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न त्यांच्या डोक्यावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी या चाळीला भेट देऊन तेथे स्मारक करण्याचे जाहीर केले. घोषणेचे स्वागत झाले. पण ‘स्मारक’ हा शब्द आपल्याकडे फार लवचीक आहे. त्यात दोन खोल्या जशाच्या तशा जपणेही बसते आणि चाळ पाडून तिच्या जागी संगमरवरी सभागृह उभे करणेही बसते.

दिल्लीचा अनुभव पाहता ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. पुनर्विकासात नव्या टॉवरच्या तळमजल्यावर एक ‘आंबेडकर दालन’ काढून द्यायचे आणि दोन खोल्यांची प्रतिकृती काचेआड बसवायची, हा मार्ग विकासकाला सोयीचा आणि प्रशासनाला बिनकटकटीचा आहे. प्रतिकृतीत मापे बरोबर येतील. जिना, गॅलरी, शेजारच्या दारांची रांग आणि दुसऱ्या मजल्यावरून दिसणारे परळ येणार नाही. चाळीतील खोली ही बंगल्याच्या खोलीसारखी सुटी नसते. शेजार हाच तिचा निम्मा भाग असतो. म्हणून राखायची तर किमान ती एक इमारत, नपेक्षा त्या मजल्याचा सलग भाग राखावा लागेल.

हे अशक्य नाही. न्यूयॉर्कमध्ये, जेथे तरुण आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते, त्याच शहरात ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट येथे १८६३ साली बांधलेली एक गरीब स्थलांतरितांची भाड्याची इमारत आहे. दुरुस्तीच्या नियमांचा खर्च नको म्हणून मालकाने १९३५ मध्ये वरचे मजले रिकामे केले आणि ते जवळपास अर्धे शतक तसेच बंद राहिले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टेनेमेंट म्युझियमने पुढे ती इमारत राखली. आज तेथे वेगवेगळ्या काळातील कुटुंबांची बिऱ्हाडे दाखवली जातात, मार्गदर्शकाबरोबर आणि लहान गटांनी. अंधारा जिना मुद्दाम तसाच ठेवला आहे. तेथे राहिलेल्यांपैकी कोणीही राष्ट्रनेता नव्हता. ग्लासगो येथेही स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने एका साध्या भाड्याच्या इमारतीतील घर असेच जपले आहे. सामान्यांच्या घरांना वारसा मानण्याची ही दृष्टी आहे. परळच्या चाळीत तर सामान्यांचे घर आणि असामान्य भाडेकरू या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

रहिवाशांचा प्रश्न अर्थातच यात सर्वात अवघड आहे आणि तो भावनेच्या भरात उडवून लावता येणार नाही. वर्षानुवर्षे गळक्या छपराखाली राहणाऱ्यांना ‘तुमचे घर इतिहास आहे, तेव्हा ते तसेच राहू द्या’ असे सांगण्याचा अधिकार चैत्यभूमीला येणाऱ्या भाविकालाही नाही आणि सरकारलाही नाही. कॅम्डेन कौन्सिलने लंडनच्या एका घराबाबत जो प्रश्न विचारला होता तोच येथे शेकडो माणसांच्या बाबतीत उभा आहे. तोडगा निघेल तो आधी पर्यायी घर, त्याच परिसरात आणि हक्काचे, आणि नंतर वास्तूचा ताबा या क्रमानेच. क्रम उलटा झाला की स्मारक रखडते आणि रहिवासीही दुरावतात. लंडनच्या एका घरासाठी जी रक्कम एका वर्षात उभी राहिली, तेवढ्याच तातडीने या कुटुंबांच्या पुनर्वसनाची तरतूद झाली तर चाळीचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळण्याचे कारण नाही.

दरम्यान करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. चाळीचे आजच्या स्थितीतील मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे तज्ज्ञांकडून करून ठेवता येतील. महापालिकेच्या दप्तरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळातील जे कागद असतील ते शोधून काढता येतील. कागदाचा एखादा तुकडाही किती बोलका असतो, हे साताऱ्याला दिसते. तेथील प्रतापसिंह हायस्कूलच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेत दाखल झालेल्या भिवाची नोंद आजही जपून ठेवलेली आहे आणि ते पान पाहायला लोक येतात. परळमध्ये आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी सांगणारी पिढी आता वृद्धत्वाकडे झुकली आहे. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यासाठी निविदा काढाव्या लागत नाहीत की भूमिपूजनाचा मुहूर्त पाहावा लागत नाही.

आणखी एक जागा या यादीत यायला हवी, जिथे घर नाही म्हणूनच ती महत्त्वाची आहे. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या, परदेशी पदव्या घेतलेल्या आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी खाणावळीत नाव बदलून ते राहिले. जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. स्वतःच्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. तेव्हा त्यांनी जेथे बसून काही तास काढले ती बाग, आजचा सयाजीबाग, ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. बडोद्याहून ते मुंबईला परतले ते परळच्या त्याच चाळीत. सयाजीबागेतले ते झाड पाहून परळला आलेल्या माणसाला ५० आणि ५१ क्रमांकांची दारे कशी दिसतील, याचा विचार स्मारकाचा आराखडा करणाऱ्यांनी नकाशा कागदावर उतरण्याआधी करून ठेवावा. आजमितीस तरी तेथे जाणाऱ्याने दुपारची वेळ टाळावी. घरातली माणसे विश्रांती घेत असतात.